मशीन आलं, पण मिस्त्री कुठंय?

या वेळी पत्रं बहुतेक एकाच विषयावर आलीत, नवी टेक्नॉलॉजी, कंपन्या, ड्रोन, मोबाईलवरची शेती. चार निवडली. नावं छापत नाही, गाव-तालुका तेवढा देतो.

प्रश्न : दादा, आमच्या गावात एका कंपनीचा पोरगा येऊलालाय, म्हणतो उसात सेन्सर बसवा, जमिनीत ओल किती ते मोबाईलवर दिसतं, पाणी वाचतं. ठिबक आहेच माझ्याकडं. पण दरवर्षी रिचार्जसारखे पैसे भरायचे म्हणतो. घ्यावं का? (औसा तालुका)

उत्तर : भाऊ, चीज चांगली आहे, आधी ते कबूल करतो. आपण पाणी कधी देतो, तर लाईट येते तेव्हा देतो, रात्री अडीचला आली तर अडीचला उठून बटन दाबायचं, पिकाला तहान असो का नसो. मुळाजवळ ओल किती हे कळलं तर एखादी पाळी सहज चुकवता येते.

पण आपली जमीन काळी. पाण्याचा ताण पडला की भेगा पडतात, सेन्सरच्या अंगाला माती सोडते, मधी हवा राहते आणि मोबाईल सांगतो जमीन कोरडीठाक, खाली हात घालून बघावं तर ओल. म्हणून बसवताना त्याच मातीचा पातळ गारा करून नळी घट्ट बसवायला लावा, आणि भेग पडली तर परत कोण येऊन बसवणार ते आधी विचारा, लातूरहून माणूस येणार का पुण्याहून. शेतात रेंज आहे का ते त्याच्याच मोबाईलवर बघा, तुमच्या नको. एका वर्षी पैसे नाही भरले तर मागची माहिती दिसंल का बंद होईल, हेबी लिहून घ्या. एक सेन्सर एकाच जागेचं सांगतो, वावरात एका कोपऱ्याला चुनखडी आणि दुसऱ्याला भारी माती असंल तर त्याचा काय उपयोग. टेन्शियोमीटर नावाची साधी वस्तू पण मिळते, पाणी भरलेली नळी, खाली सच्छिद्र टोक, वर घड्याळासारखा काटा. सिम नाही, वर्गणी नाही, अधूनमधून पाणी भरायचं. मी तर म्हणतो एक हंगाम ती वापरून बघा मग सेन्सरचं बघू.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. माझ्याच भावकीत ठिबक आलं, पाणी वाचलं, आणि वाचलेल्या पाण्यावर दीड एकर ऊस वाढला. बोअर होतं तितकंच उपसलं, उलट दोन वर्षांनी अजून खाली न्यावं लागलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, पहिल्या गाडीला १० टाक्या, ५ लाख लिटर, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ठिबक तेव्हाबी होतंच की इकडं. कंपनी पाणी वाचवायचं यंत्र विकते, वाचलेल्या पाण्याचं काय करायचं ते तिच्या बिलात नसतं, ते गावानं बसून ठरवायचं असतं आणि तिथंच आपलं घोडं अडतं.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ ला शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, २०३० पर्यंत गाठायची, आणि त्यात खाजगी कंपन्यांचं इनोव्हेशन फार महत्त्वाचं असं शिकवतात. पण कंपनी तर नफ्यासाठी असते ना, तिला काय पडलंय? का सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, त्यालाच हे म्हणतात? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सीएसआर बाजूला ठेव बाबा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के त्यावर खर्चावे लागतात, त्यातून शाळेला बाकं येतात, ओढ्याचा गाळ निघतो, चांगलंच आहे. पण तो नफा झाल्यावरचा पैसा. तुझा प्रश्न धंद्याचा आहे, म्हणजे नफा कमावतानाच काही भलं होतं का, असा.

त्यासाठी लांब कामून जायचं, जालन्याला जा. १९६४ ला बद्रीनारायण बारवाले यांनी तिथं महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. त्याआधी ते भेंडीचं बियाणं तयार करायचे. सुधारित वाण सरकारी संस्थांनी काढले होते, पण ते शेतकऱ्याच्या हातात पेरणीच्या आधी, खात्रीचं, पाकिटात पोचवायचं कोण? बारवाल्यांनी शेतकऱ्यांच्याच रानात बीजोत्पादन सुरू केलं, त्यांना शिकवलं, माल विकत घेतला. माझ्या मते खरं इनोव्हेशन हे होतं, बियाण्यापेक्षा ते पोचवायची आणि पिकवायची पद्धत. १९९८ ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आजबी जालना, देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटमधी बीजोत्पादन करणारी कितीतरी घरं आहेत.

आता त्याच कंपनीची पुढची गोष्ट. २००२ ला बीटी कापसाला, म्हणजे ज्याच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं त्या कापसाला, परवानगी मिळाली, अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचं तंत्र आणि महिकोचं बियाणं. सुरुवातीला अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, मी स्वतः बघितलंय, पाठीवरचा पंप उतरवून लोक पारावर बसायचे. पण अळीला एकाच विषाची सवय होऊ नये म्हणून कडेनं साधा कापूस लावायचा असतो, तिथं विषाची सवय नसलेली अळी जगावी म्हणून, त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन बीटीचं छोटं पाकीट यायचं. किती जणांनी लावलं? आमच्या गावात तर ते बांधावर फेकलेलं दिसायचं, कारण त्या कडेला अळी पडणार हे सगळ्यांना कळत होतं आणि ती कशासाठी पडू द्यायची हे सांगायला कुणी आलं नव्हतं. कंपनीनं बी विकलं, दुकानदारानं विकलं, कृषी खात्यानं पोस्टर लावलं. अळीला विषाची सवय झाली, आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा आणि विदर्भातल्या कापसाची जी वाट लावली ती तुला आठवत नसंल, तुझ्या वडिलांना विचार.

म्हणून कॉलेजचा प्रोजेक्ट करायचा असंल तर नवीन यंत्र बनवायच्या मागं लागू नकोस. पाच वर्षांपूर्वी तुझ्या तालुक्यात बसवलेली दहा यंत्रं शोध, सोलर पंप असो, आरओ प्लँट असो, वेदर स्टेशन असो, चालू किती, बंद किती आणि बंद कशानं पडलं ते लिही. तुझ्या सरांना आवडंल का सांगता येत नाही, मला वाचायला पाठव.

प्रश्न : आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळू शकतो असं समजलं. ८० टक्के अनुदान आहे म्हणे. बायका तयार आहेत, घरचे म्हणतात कशाला नसतं झेंगट. काय करावं? (अंबाजोगाई)

उत्तर : ताई, घरच्यांचं सगळंच चूक नाही आणि बायकांचंबी नाही. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत आहे, उरलेल्याला कर्ज. फायदा उघड आहे, श्रावणात सोयाबीन कमरेला लागतं, पाय ठेवायला चिखल, साप-विंचू वेगळे, त्यात पाठीवर पंप घेऊन कोण जातंय. ड्रोन दहा मिनिटाच्या आत एकर मारतो, पाणी १० लिटरच्या आसपास लागतं, आणि औषध माणसाच्या अंगावर उडत नाही. २०१७ ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतमजूर दगावले होते, ते आठवलं की हे यंत्र मला पटतं.

पण हिशोब बॅटरीचा करा. एक सेट दहा-पंधरा मिनिटं चालतो, म्हणजे चार-पाच सेट पाहिजेत, शेतात चार्जिंगला जनरेटर पाहिजे, तो न्यायला गाडी पाहिजे. समजा एकरी ४०० रुपये घेतले आणि दिवसाला १५ एकर झालं तर ६ हजार, पण फवारणीचे दिवस वर्षात थोडेच, त्यात पाऊस-वारा असला की उडवता येत नाही. आणि नेमकं ऑगस्टात पंख मोडला, पार्ट यायला वीस दिवस लागले तर हंगाम गेला. माझ्या सोलर पंपाचं हेच झालं होतं, कंट्रोलर जळला, पाच वर्षांची हमी कागदावर, फोन लावला की आज येतो, उद्या येतो, शेवटी दीड महिन्यानं आले तोवर हरभरा वाळून गेला. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यामुळं ड्रोन घेताना जिल्ह्यात दुरुस्तीवाला कोण, त्याचा नंबर लावून बघा, उचलतो का. आणि गटातल्या दोघींना शिकू द्या, एकीलाच नको, ती माहेरी गेली की ड्रोन घरात.

प्रश्न : आमच्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला, पण महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर नोंदच कमी. मग पीक विम्याचं काय? (गंगाखेड)

उत्तर : महावेध प्रकल्पात स्कायमेट या खाजगी कंपनीनं राज्यात दोन हजारांवर केंद्रं बसवली, मंडळाला एक. ही सुधारणाच. पण आपल्याकडं पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं. २०२५ च्या खरिपाआधी शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला ॲपवर किंवा टोल फ्रीवर कळवायचं असायचं, आता राज्यातल्या विम्यात ती सोय आहे का ते आधी विचारा, फोटो मात्र काढून ठेवा. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःचं साधं पर्जन्यमापक घ्यावं, उघड्या जागी, झाड-भिंतीपासून लांब, रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहावं. विमा कंपनी ती वही मानायला बांधील नाही, पण तहसीलदारापुढं जाताना हातात काहीतरी असतं.