नकाशाशी जोडलेल्या आकड्यांचे विश्लेषण : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : संख्याशास्त्र हा माझा विषय असून ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशनपर्यंतचे (एका चलाचा इतर चलांशी संबंध मोजण्यापर्यंतचे) काम मला नीट जमते. आता माझ्याकडे अक्षांश-रेखांशांसह नोंदी असलेली एक फाइल आणि प्रशासकीय सीमांची एक शेपफाइल (नकाशातील आकार साठवणारी फाइल) आली आहे. जुन्या मार्गदर्शिकेत सांगितलेले ‘आरजीडॅल’ पॅकेज मात्र इन्स्टॉल होत नाही. मी सुरुवात कोठून करावी, आणि नेहमीचे रिग्रेशन येथे चालेल का?

उत्तर : पॅकेजची अडचण लवकर सुटेल. ‘आरजीडॅल’, ‘आरजीऑस’ आणि ‘मॅपटूल्स’ ही पॅकेजेस ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त करण्यात आली. त्यांच्यावर आधारलेली मार्गदर्शिका बाजूला ठेवावी. बिंदू, रेषा आणि सीमा यांच्यासाठी ‘एसएफ’ हे पॅकेज घ्यावे. त्यात सीमांची फाइल साध्या डेटाफ्रेमसारखीच (ओळी-स्तंभांच्या तक्त्यासारखीच) उघडते, फक्त तिच्यात भूमितीचा एक स्तंभ जास्त असतो. त्यामुळे ओळी गाळणे, नवे स्तंभ काढणे ही तुमच्या सवयीची कामे तशीच करता येतात.

खरी काळजी घ्यायची ती निर्देशांक प्रणालीची, म्हणजे आकडे पृथ्वीवरील कोणती जागा दाखवतात ते ठरवणाऱ्या पद्धतीची, आणि तेथे घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन. अक्षांश-रेखांशांच्या नोंदी बिंदूंमध्ये रूपांतरित करताना रेखांश आधी आणि अक्षांश नंतर द्यावा लागतो, कारण पहिला आकडा आडव्या अक्षावरचा मानला जातो. त्यानंतर हे आकडे कोणत्या प्रणालीतले आहेत ते घोषित करावे. जीपीएसवरून घेतलेल्या नोंदी बहुधा डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या प्रणालीत असतात. ही घोषणा राहून गेली, तर एक अंश अंतरावरच्या दोन अक्षांशांमधले सुमारे १११ किलोमीटर सॉफ्टवेअरच्या लेखी नुसते ‘१’ होतात, आणि त्याबद्दल कोणतीही सूचना मिळत नाही. ‘एसटी_सेट_सीआरएस’ ही आज्ञा केवळ प्रणालीचे नाव लावते, आकड्यांना हात लावत नाही. आकडे एका प्रणालीतून दुसरीत बदलून हवे असतील, तर ‘एसटी_ट्रान्सफॉर्म’ वापरावी लागते. अंशांतल्या आकड्यांवर मीटरच्या प्रणालीचे नाव लावले, तर सगळे बिंदू आरंभबिंदूजवळ काही मीटरांत गोळा होतात आणि सीमांच्या नकाशावर दिसतच नाहीत. शेपफाइलच्या बाबतीत ही माहिती ‘पीआरजे’ या विस्ताराच्या सोबतच्या फाइलमध्ये असते, म्हणून एकट्या ‘एसएचपी’ फाइलवर समाधान न मानता संपूर्ण संच मागून घ्यावा.

स्वतःच्या माहितीकडे वळण्यापूर्वी ‘एसएफ’सोबत येणाऱ्या, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या फाइलवर हात बसवावा. तिच्यात १०० काउंटींच्या (तेथील जिल्ह्यांच्या) सीमा आहेत, आणि १९७४ ते १९७८ या काळातील जन्म व अर्भकांचे आकस्मिक मृत्यू नोंदलेले आहेत. नुसते मृत्यू रंगवले, तर ४४ मृत्यूंची मेक्लेनबर्ग काउंटी सर्वांत गडद दिसते. पण तेथे २१,५८८ जन्म झाले होते, म्हणजे दर हजारी सुमारे २ मृत्यू. अ‍ॅन्सनमध्ये मृत्यू १५च, परंतु जन्म १,५७० असल्याने दर हजारी साडेनऊच्या वर जातो. संख्यांचा नकाशा बहुतेक वेळा लोकवस्तीचाच नकाशा असतो, म्हणून प्रमाण काढल्याशिवाय रंग भरू नयेत. आणि प्रमाण काढल्यावरही, जेथे जन्मच थोडे आहेत तेथे एका-दोन मृत्यूंनी दर बराच हलतो, हे ध्यानात ठेवावे.

आता रिग्रेशन. ते जरूर करावे, पण निष्कर्ष लगेच लिहू नयेत. नेहमीच्या रिग्रेशनमध्ये त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र असतात असे आपण गृहीत धरतो. शेजारशेजारचे भाग मात्र बहुधा एकमेकांसारखे असतात, आणि ते साम्य मॉडेलमधील चलांनी टिपले नाही तर रेसिड्युअलमध्ये, म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतील फरकात, उरते. तसे झाले की प्रमाण त्रुटी बहुधा खऱ्यापेक्षा लहान दिसतात आणि नसलेला परिणाम सिद्ध झाल्यासारखा वाटतो. म्हणून ‘एसपीडेप’ या पॅकेजने शेजाऱ्यांची यादी करून रेसिड्युअलवर मोरान यांची चाचणी (शेजारचे आकडे एकमेकांसारखे आहेत का हे तपासणारी) लावावी. शेजारी म्हणजे सामायिक सीमा असलेला भाग की ठरावीक अंतरातला, हा निर्णय तुमचा असतो. त्यावर उत्तर अवलंबून असल्याने दोन्ही व्याख्या वापरून पाहाव्यात. सीमेवर आधारलेल्या यादीत बेटासारख्या भागांना एकही शेजारी मिळत नाही आणि प्रत्येक शेजाऱ्याला किती महत्त्व द्यायचे ते भार ठरवताना काम तेथेच थांबते. अशा वेळी तो भाग वगळण्याआधी सर्वांत जवळचे काही शेजारी घेण्याची पद्धत वापरून पाहावी.

हे सारे सीमांनी आखलेल्या भागांविषयी झाले. तुमच्या फाइलमधील बिंदू घटनांचे असतील आणि त्या कोठे दाटतात हाच प्रश्न असेल, तर ‘स्पॅटस्टॅट’कडे जावे, ठरावीक ठिकाणी केलेल्या मोजमापांवरून मधल्या जागांचे अंदाज हवे असतील, तर ‘जीस्टॅट’कडे.