एकाच चाचणीवरून मुलाची भूमितीतील पातळी ठरवावी का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या आठवीच्या मुलांना व्हॅन हिले पातळ्यांची (मूल भूमितीचा विचार कोणत्या टप्प्यावर करते हे सांगणाऱ्या पायऱ्यांची) चाचणी देऊन प्रत्येकापुढे एकेक पातळी लिहायची, एवढे एम. एड.च्या प्रबंधाला पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही.

पिएर आणि डिना व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये मांडलेल्या पातळ्या आजही पायाभूत आहेत. आपण घेतलेली पंचवीस प्रश्नांची चाचणी १९८२ च्या शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पातली, संशोधक उसिस्किन यांची. तिच्यात दर पातळीला पाच प्रश्न आहेत. मात्र १९८६ मध्ये बर्गर आणि शॉनेसी यांनी मुलांना समोर बसवून बोलते केले, तेव्हा तेच मूल एका कामात एका पातळीवर आणि दुसऱ्या कामात दुसऱ्या पातळीवर आढळले. १९९१ मध्ये गुटिएरेझ आणि सहकाऱ्यांनी तर प्रत्येक पातळी किती प्रमाणात आत्मसात झाली, हेच मोजायला सुरुवात केली. पुढे जिओजेब्रासारख्या, संगणकावर आकृती ओढून बदलता येणाऱ्या साधनांमुळे आकृती ओढताना मूल काय बदलते आणि काय तसेच राहते असे म्हणते, याकडेही लक्ष गेले.

आपल्या भागात याहून मोठी अडचण भाषांतराची आहे. मी कागदाचा चौरस टोकावर उभा धरला की सातवीतली मुले बिनदिक्कत ‘शंकरपाळी’ म्हणतात, आणि तोच आडवा ठेवला की पुन्हा चौरस होतो. आकार नुसता दिसण्यावरून ओळखायचा, ही पहिल्या पातळीची खूण झाली. पण ‘समभुज चौकोन’ या नावातच व्याख्या दडलेली असल्यामुळे, समास सोडवता येणारे मूल चौरसालाही समभुज म्हणून मोकळे होते. इंग्रजी ‘रॉम्बस’ हा शब्द अशी मदत करत नाही. म्हणजे मूळ प्रश्नाची काठिण्यपातळीच बदलली. उलट घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या कानाला ‘चौकोन’ हा शब्द ‘चौक’सारखा लागतो, आणि कन्नडमध्ये चौक म्हणजे चौरस! (चौकोनाला तिथे चतुर्भुज म्हणतात.) त्याचे उत्तर चुकले तर त्यात भूमिती किती आणि शब्द किती?

म्हणून उत्तरपत्रिकेवर घरच्या भाषेचा रकाना ठेवा, चाचणीआधी ‘चार बाजूंची बंद आकृती म्हणजे चौकोन’ हे आकृत्या दाखवून स्पष्ट करा, आणि निदान आठ-दहा मुलांना, बरोबर उत्तर दिलेल्यांनाही, कागदी आकृत्या हाती देऊन ‘हे कशावरून?’ असे विचारून त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्या.