इलेक्ट्रिक गिटारच्या सरावासाठी स्वस्तातला लहान अँप कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की कणकवलीजवळच्या गावात राहता, दोन महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गिटार घेतली, अँपसाठी सहा-सात हजारच उरलेत, आणि मित्र सांगतोय, "कशाला पैसे घालवतोस, होम थिएटरला लाव, नाहीतर मांडववाल्याकडचा जुना अँप आण, आवाज आला म्हणजे झालं." या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. मित्राचं ऐकू नका. हेच वाक्य मी सोळाव्या वर्षी ऐकलं आणि त्यात माझी दोन वर्षं गेली.

मी वेंगुर्ल्याची. माझ्या मामाचा मांडव-साउंडचा धंदा. चतुर्थी, जत्रा, दशावतार, लग्नं, सगळीकडे त्याचेच माइक आणि त्याचेच भोंगे. 2008 मध्ये दहावीच्या निकालावर बाबांनी मला म्हापशाहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणून दिली. दुकानदाराने सोबत लहान अँप घ्या म्हणून सांगितलं होतं. मामा तिथेच उभा होता. म्हणाला, "अँप कित्याक होयो? माझ्याकडे अडीचशे वॅटचो पडलो आसा." बाबांना ते पटलं. फुकटात अडीचशे वॅट मिळत असताना दहा वॅटचे पैसे कोण देणार?

मामाने अँप आमच्या पडवीत आणून ठेवला, माइकच्या इनपुटला गिटार जोडली आणि बाकावर एक कॉलम उभा केला. आवाज मोठा होता, यात वाद नाही. पण साधं वाजवलं की तारा ओल्या गोणपाटाखालून बोलल्यासारख्या. डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं, पेडल लावलं की पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखं. एफचा बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरायचा) धरायचे, सहाच्या सहा तारा नीट दाबलेल्या असायच्या, आणि बाहेर यायचा तो एकच चिखल. मी तारा बदलल्या, तारा छेडायची पट्टी बदलली, मनगट वळवून बघितलं. रोज दोन तास बसायचे. आणि हळूहळू माझी खात्री झाली की माझे हातच वाईट आहेत. कुणी तसं म्हटलं नव्हतं. मीच ते रोज ऐकत होते.

मामाकडे तक्रार केली की त्याचं उत्तर ठरलेलं: "बेंजो वाजता मा? मगे गिटार कित्याक नाय वाजणार?" त्याच्याकडे बेंजो पार्टीची मुलं यायची, त्याच अँपवर विसर्जनाला वाजवायची आणि ते जबरदस्त वाजायचं. त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. आता आहे. आपल्याकडचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाला पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी कॉइल) लावून केलेलं वाद्य. ढोल-ताशांच्या वर, भर रस्त्यात, शंभर माणसांच्या डोक्यावरून ते ऐकू जायला हवं. तिथे तो टोचणारा, कर्कश आवाजच हवा असतो आणि भोंगा तो इमानदारीने देतो. माझं त्या मुलांच्या हातावर प्रेम आहे. पण खोलीत एकटं बसून सहा तारा वेगवेगळ्या ऐकायच्या असतात तेव्हा नेमका तोच आवाज तुम्हाला फसवतो.

2010 च्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. जमीन नुकतीच सारवलेली, पाय अनवाणी, गिटार मांडीवर. डावा हात तारांवर ठेवला आणि कोपरापर्यंत झटका बसला. गिटार खाली पडली. वायरमन आला, त्याने काही न विचारता थेट गिटारच्या तारेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मला तो लाल ठिपका अजून दिसतो. अँपच्या थ्री-पिनची मोठी, अर्थिंगची पिन कुणीतरी कधीच कापून टाकली होती, कारण मांडवात टू-पिनचे बोर्ड असतात. गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडच्या वायरला आणि तिथून जॅकमधून अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात. आतला ट्रान्सफॉर्मर लीक झाला, बॉडीत करंट उतरला आणि अर्थिंग नसलं, की मग तारेतही तोच करंट आणि मधे तुम्ही. कोकणातल्या जुन्या कौलारू घरात, ओल्या जमिनीवर, हे मरणाचं कारण होऊ शकतं. म्हणून अँपचं नाव विचारण्याआधी घराचं अर्थिंग विचारा.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत म्हापशाला मैत्रिणीकडे गेले. तिच्या भावाकडे 10 वॅटचा अँप होता, दोन डझनी हापूसच्या खोक्याएवढा. व्हॉल्यूमचं बटण जेमतेम दोनवर. मी तोच एफ धरला. सहा तारा सहा ठिकाणाहून ऐकू आल्या. दुसऱ्या तारेवरचं बोट किंचित सैल होतं, तेही ऐकू आलं. बोट सरळ केलं, तार वाजली. पाच मिनिटं मी तो एकच कॉर्ड वाजवत होते आणि मैत्रीण विचारत होती, पुढे काही येत नाही का तुला?

हात ठीक होते. अँप गिटारचा नव्हता, एवढंच.

कारण साधं आहे. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक असतो. गिटार अँपच्या इनपुटचा विजेला होणारा अडथळा साधारण 10 लाख ओहम असतो, माइकच्या इनपुटचा त्याच्या मानाने फारच कमी, आणि अडथळा जितका कमी तितका पिकअपवर भार जास्त. तो भार पिकअपला पेलत नाही आणि आवाजातली चमक तिथेच मरते. दुसरी बाजू स्पीकरची. गिटारचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. डिस्टॉर्शनमधून निघालेला वरचा सगळा खरखराट तो गाळून टाकतो. होम थिएटरचा ट्वीटर (बारीक, टोकदार आवाजाचा लहान स्पीकर) काहीही गाळत नाही, उलट सजवून तुमच्या कानात ओततो. त्या गांधीलमाश्या तिथून येतात. गिटारचा अर्धा आवाज लाकडात असेल तर अर्धा या स्पीकरच्या कागदात असतो.

आता वॅट. मामा अजून वॅटवरच भांडतो. 10 चे 20 वॅट केले तर फरक पडतो 3 डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे 10 आणि 15 मध्ये तुम्ही जास्तीचे पैसे देता ते आकड्याचे. खोलीत 5 वॅटही पूर्ण उघडता येत नाहीत, शेजारचे काका येतात. वॅट सोडा, स्पीकर बघा. 6 इंच ठीक, 8 इंच मिळाला तर उत्तम. त्याच पैशात वॅट कमी आणि स्पीकर मोठा असं मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

नावं विचारलीत म्हणून सांगते. फेंडर फ्रंटमॅन 10जी, 10 वॅट, 6 इंची स्पीकर, स्वच्छ आवाजासाठी चांगला. वॉक्स पाथफाइंडर 10, साडेसहा इंची, थोडा फाटका आवाज गोड देतो. ऑरेंज क्रश 12 रॉककडे झुकतो. मार्शल एमजी10 सुद्धा याच पंक्तीतला. मला विचाराल तर पाथफाइंडर. यातले काही नवे तुमच्या रकमेत बसणार नाहीत, तर म्हापसा, पणजी किंवा कोल्हापूरला जुना शोधा. ट्रान्झिस्टरचा अँप जुना घ्यायला घाबरू नका, त्यात झिजण्यासारखं फार थोडं असतं. फक्त समुद्रकाठच्या घरातला असेल तर प्रत्येक बटण फिरवून आणि जॅक हलवून बघा. खारं वारं आधी तिथे बसतं. खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, जॅक गंजून सैल झाला असेल तर किंमत पाडून घ्या.

ट्यूबचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा, अँप घ्या असं कुणी सांगेल. सुरुवातीला नको. महाग, जड, आणि खुलायला मोठा आवाज मागतो. शंभर आवाजांचे डिजिटल अँप असतात, तेही मला पहिल्या वर्षी नको वाटतात. मुलं आवाज बदलत बसतात, बोटं तिथेच राहतात.

सेलवरचे मात्र आपल्याकडे कामाचे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती. माझ्याकडे बॉस कटाना मिनी होता, 7 वॅट, 4 इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेल, साधारण सात तास चालतो. मामाच्या मांगरावर (शेतघरावर) माड पडला होता म्हणून तो आमच्याकडेच राहायला होता. संध्याकाळी पडवीत कंदिलाजवळ बसून मी वाजवायचे. त्याचे सगळे अँप लाईटीविना गप्प. दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आवाज गोड आसा, पण लांब जाणा नाय."

लांब जायला नकोच होता, मामा. मला फक्त माझ्या कानापर्यंत हवा होता. 2008 मध्येही तेवढाच हवा होता. तुझा अँप बोलण्यासाठी बनवलेला आहे. त्यावर आरती, भाषण, नाटकातला राजा शोभतो. हे मी त्या दिवशी त्याला सांगितलं नाही. त्याचं छप्पर मोडलं होतं. पण इथे लिहून ठेवते. आणि हेही लिहिते की सोल्डरिंग मला त्यानेच शिकवलं. आजही जॅक तुटला तर मी दुकानात जात नाही.

काही गोष्टी राहिल्या. वर लहानच घ्या म्हटलं ते घरच्या सरावासाठी. ड्रमवाल्यासोबत वाजवणार असाल तर 10 वॅट ऐकूही येणार नाहीत, तेव्हा वेगळा विचार करावा लागेल. मुसळधार पावसात कौलांखाली किंवा पत्र्याखाली तर कुठलाच लहान अँप पुरत नाही. जून-जुलै हेडफोनवर काढायचे, म्हणून हेडफोनचं भोक आहे ना ते बघाच. हेडफोन वायरचा हवा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो, हात आणि कान वेगळे पडतात. मोबाइलवरच्या गाण्यासोबत वाजवायचं असेल तर ऑक्स इनपुट आहे का विचारा, वरच्यांपैकी काहींनाच ते आहे. हजार-दीड हजारच हातात असतील तर दुकानात हेडफोन अँप मिळतात, गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचे. सहा महिने त्यावर निघतात, होम थिएटरपेक्षा शंभर पटीने बरे.

अँप जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर उभं राहू नका. लहान स्पीकरचा तिखट आवाज सरळ रेषेत जातो, तो तुमच्या पोटरीला लागतो आणि कानाला धूसर ऐकू येतं. स्टुलावर ठेवा, कानाच्या उंचीला. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, भिंत ओल सोडते. माझ्या पहिल्या अँपच्या स्पीकरवर एका श्रावणात बुरशी धरली होती, कागद मऊ पडला आणि बास फडफडायला लागला. आणि सिंगल कॉइलची (एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची) गिटार असेल तर इन्व्हर्टरजवळ गुणगुण येणारच. अँपला दोष देऊ नका, जागेवरच थोडं वळून बसा, कमी होते.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या. दुकानदार वाजवून दाखवेल, ते ऐकू नका, तो चांगलाच वाजवणार. गेन (आवाज फाडणारं बटण) शून्यावर, व्हॉल्यूम एक-दोनवर ठेवायला सांगा आणि तुम्हाला येतो तोच कॉर्ड वाजवा, सावकाश, एकेक तार. सहा वेगळ्या ऐकू आल्या तर तोच उचला. अँप घरी आला की आधी वायरमनला बोलवा, बोर्डाचं अर्थिंग टेस्टरने नव्हे, मीटरने तपासून घ्या, घरात आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, आणि पायात चप्पल घालून मगच प्लग लावा.