सोडलं म्हणजे सोडलं

लेका,

परवा अंबाबाईच्या महाद्वारात भेटलास तेव्हाच बोलणार होतो पण आई बरोबर होती, म्हणून गप बसलो. बोटात चार अंगठ्या, त्यातली पुष्कराजाची नवीन. वर्कशॉपचं लोन सँक्शन झालंय, शिरोली एमआयडीसीत शेड बघून झालंय, देवीची ओटी भरून झाली, आणि ॲडव्हान्स द्यायचा तेवढा पुढं पुढं ढकलतोयस. एक ज्योतिषी म्हणतो मार्चनंतर, दुसरा म्हणतो पार्टनर नको, यूट्यूबवरच्या बाबाचं तिसरंच. अरे, हात जोडून देवीवर सोडलंस ना? मग परत कशाला उचललंस? सोडलं म्हणजे सोडलं.

आता लगेच म्हणशील काका, विचार करायचा नाही का. कर की! ऑर्डर एकाच कंपनीची आहे तर मशीन एकच घे, हप्ता किती बसतो ते आधी मांड, हे मी पण सांगतो. काळजीला आकडा असतो बघ, तो मांडला की ती गप बसते. भीतीला आकडा नसतो, म्हणून ती अमावस्या आणि शनी घेऊन येते.

२०१९ ला शाहूपुरीतल्या माझ्या इलेक्ट्रिक मोटारींच्या रिवायंडिंगच्या दुकानात पुराचं पाणी आलं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर गेलेलं, काउंटर पाण्याखाली, गिऱ्हाइकांच्या मोटारी चिखलात. भाऊबंद म्हणाले जागा लाभत नाही, वीक. मी म्हटलं देवीवर सोडलंय, आणि रॅक छातीच्या वर ठोकून घेतले. २०२१ ला परत पाणी आलं, बरं का! सगळे माझ्याकडं बघायला लागले. खाली वायरचे रोल भिजले ते भिजलेच, पण मोटारी वर कोरड्या होत्या आणि दुकान आजपण तिथंच आहे. हट्टी म्हणतात, म्हणू देत. त्यांच्यातल्या एकानं वास्तू बघून दुसरीकडं गाळा घेतलाय, तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही, पण ते जाऊ दे.

किरणोत्सव, मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत येतात तो, तर तू लहानपणापासून बघतोस. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग मुखावर किरणं. एखाद्या वर्षी ढग येतात नाहीतर हवेत बाष्प असतं, किरणं वाटेतच विरतात. लोक म्हणतात आज नाही झाला, आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढीच गर्दी. कोण देवी बदलत नाही रे! तू मात्र एक ढग बघून चार अंगठ्या घातल्यास.

रागवू नकोस, तुझ्या हाताला काम आहे हे मला माहितेय म्हणून एवढं टाइप करतोय. सोमवारी ॲडव्हान्स देऊन ये, मुहूर्त विचारायचा नाही, पावती मात्र घ्यायची. अंगठ्या टाकून दे म्हणत नाही, आईचं मन मोडेल. फक्त लेथवर उभा राहताना काढून खिशात ठेव, बोट जाईल, आणि त्यात देवीला मध्ये आणायचं नाही.

तुझा काका