एसकेएल पसरलाय म्हणजे पेरॉक्सिसोम नाहीत, असं नाही

तुमची पोस्ट वाचून माझ्या पीएचडीचं तिसरं वर्ष डोळ्यांसमोर आलं. तुमचा प्रयोग असा: पेरॉक्सिसोम (पेशीतल्या चरबी वगैरे मोडणाऱ्या छोट्या पिशव्या) बनवायला लागणारं पेक्स-३ हे जनुक काढलेलं यीस्ट, जीएफपी-एसकेएल (पेरॉक्सिसोममध्ये जायचा 'पत्ता', म्हणजे एसकेएल, लावलेलं चमकणारं प्रोटीन) पेशीभर पसरलेला, जनुक परत दिलं की काही तासांत ठिपके. "पेरॉक्सिसोम शून्यातून तयार झाले असं लिहू का?" असं विचारताय. इतक्यात नका लिहू.

पसरलेला एसकेएल एवढंच सांगतो की माल आत जात नाहीये. गोदामाला कुलूप आहे की गोदामच नाही, हे त्यावरून कळत नाही. झेलवेगर सिंड्रोम (पेरॉक्सिसोम नीट न बनण्याचा जन्मजात आजार) असलेल्या रुग्णांच्या पेशींत रिकामे सांगाडे, ज्यांना 'घोस्ट' म्हणतात, ते १९८८ मध्येच दिसले होते. पण पेक्स-३ किंवा त्याचं जोडीदार पेक्स-१९ नसेल तर घोस्टही नसतात, असं पुढे बरीच वर्षं सगळे धरून चालले. मीही तेच धरलं, आणि तिथेच फसलो.

२०१४ मध्ये हान्सेनुला यीस्टमध्ये दिसलं, की पेक्स-३ नसतानाही पेक्स-१३ आणि पेक्स-१४ (पेरॉक्सिसोमच्या पडद्यावरची प्रोटीन्स) असलेली छोटी व्हेसिकल्स, म्हणजे पडद्याच्या बारीक पिशव्या, असतात, आणि पेक्स-३ परत आलं की त्यांचेच पेरॉक्सिसोम होतात. त्यासाठी त्या संशोधकांनी एटीजी-१ हे ऑटोफॅजीला लागणारं जनुकही काढलं होतं, कारण ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग पचवणं) ही व्हेसिकल्स गिळून टाकते. मी हा पेपर वाचला होता, सेमिनारात सांगितलाही होता! आणि तरी ऑटोफॅजी चालू असलेल्या पेशींत, तेही फक्त एसकेएल लावून, आठ महिने 'काहीच नाही'चे फोटो काढत बसलो. पेशी पुरावा खात होती आणि मी रिकाम्या ताटाचे फोटो जमवत होतो.

शेवटी व्हेसिकल्स थेट दिसावीत म्हणून पेक्स-१४ला चिकटणारी अँटिबॉडी मागवली, तर खरेदी विभागाने फाईल तीनदा परत पाठवली. एकच पुरवठादार का, प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (हा माल दुसरं कुणी विकत नाही असा दाखला) कुठे, मग सर्टिफिकेटवर तारीख का नाही. तोवर माझी फेलोशिप संपत आली. वाट बघू नका, पेक्स-१४लाच जीएफपी जोडा. जोडल्यावर ते काम करतंय ना, तेवढं मात्र तपासा.

अजून एक, कुणाला आवडो न आवडो: गॅल-१ प्रमोटरवरून (जनुक जोरात चालू करणारा डीएनएचा तुकडा) पेक्स-३चा पूर आणून 'पेरॉक्सिसोम ईआरमधून (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पडद्यांचं जाळं) निघालं' म्हणणं मला पटत नाही. प्रोटीन जास्त झालं की ते भलतीकडेही जाऊन बसतं. २००५ पासून ईआरची बाजू जोरात आहे आणि ती चूक आहे असं मी म्हणत नाही. पण माणसाच्या पेशींत २०१७ मध्ये पेरॉक्सिसोम बनण्यात मायटोकॉन्ड्रियाचाही (पेशीची ऊर्जाकेंद्रं) वाटा दिसला. सबब पेक्स-३चा प्रमोटर मूळचाच ठेवा, आणि ठिपके उगवल्यावर नाही, त्याआधीच्या वेळा बघा.

मी आता लॅब सोडलीय, त्यामुळे अगदी ताजं काही निघालं असेल तर कुणीतरी दुरुस्त करा. आणि झेलवेगर शब्दामुळे इथे पोचलेल्या पालकांनी यीस्टच्या गप्पांवरून उपचारांचा अंदाज बांधू नये, जनुकतज्ज्ञांकडेच जावं.

तुमच्या स्ट्रेनमध्ये एटीजी-१ शाबूत आहे का, तेवढं आधी सांगा.