जेरी राइस फारसा वेगवान नव्हता म्हणतात. मग अमेरिकन फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ रिसीव्हर तोच कसा?

नव्हताच. ४० यार्डांच्या धावेला त्याला ४.६-४.७ सेकंद लागायचे असं सांगतात. रिसीव्हरसाठी हे बेताचंच.

रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पुढे पळत जाऊन झेलणारा. तो किती पळणार, कुठे वळणार हे आधीच ठरलेलं असतं. त्याला रूट म्हणतात. मेख तिथेच आहे. बहुतेक जण वळण्याआधी जरा हळू होतात आणि बचावपटू तेवढ्यावरून ओळखतो. राइस वळतानाही तसाच सुसाट असायचा, त्यामुळे घड्याळात त्याला हरवणारेही मैदानात मागे राहायचे.

हातांची गोष्ट मला त्याहून आवडते. मिसिसिपीतल्या क्रॉफर्डचा हा मुलगा, वडील गवंडी. सुट्टीत भावांसकट त्यांच्या हाताखाली काम. भाऊ खालून विटा फेकायचे, हा परांचीवर उभा राहून झेलायचा. बॉल सुटला तर प्रेक्षक ओरडतील. वीट सुटली तर खाली भाऊ उभा!

खेळात आला तोही गमतीने. शाळा बुडवताना उपमुख्याध्यापकांनी गाठलं, हा पळाला. शिक्षा झालीच, वर फुटबॉलच्या कोचकडे रवानगी.

पुढे मिसिसिपी व्हॅली स्टेट हे लहानसं कॉलेज आणि १९८५ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू एकेक करून निवडतात तो) १६ वा क्रमांक. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स संघाचा कोच बिल वॉल्श याने त्याला हेरला होता. पहिल्या वर्षी हातातले बॉल सुटले, घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. १९८७ मध्ये मात्र १२ सामन्यांत २२ टचडाउन झेल. (टचडाउन म्हणजे बॉल समोरच्यांच्या एंड झोनमध्ये, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पोचवणं.)

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो. सॅन कार्लोसजवळच्या एजवूड पार्कात तो सुट्टीच्या हंगामात टेकडी पळत चढायचा, साधारण ४ किलोमीटरचा चढ. मी एकदा चालत गेलो. निम्म्यावर बाकडं दिसलं, बसलो, आणि तिथूनच परतलो. सरावातही पाच यार्डांचा साधा झेल घेतला तरी हा थेट एंड झोनपर्यंत पळत जायचा म्हणे.

१९९७ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला. साडेतीन महिन्यांत परतला आणि त्याच सामन्यात गुडघ्याची वाटी मोडून घेतली (हा मात्र शुद्ध हट्टीपणा). तरी चाळिशीत, ओकलंड रेडर्सकडून, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, टचडाउन केलाच. एकूण १,५४९ झेल, त्यांतून पुढे नेलेलं अंतर २२,८९५ यार्ड. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ वर थांबला. पाच हजारांचं अंतर म्हणजे एखाद्याची बरी म्हणावी अशी अख्खी कारकीर्द.

एकच सामना बघायचा असेल तर जानेवारी १९८९ चा सुपर बोल बघा. राइसचे ११ झेल, २१५ यार्ड, सामनावीरही तोच. शेवटी तीन मिनिटं उरलेली, ९२ यार्ड जायचंय, फॉर्टीनाइनर्ससमोरचा सिनसिनाटी संघ १६-१३ ने पुढे. विजयी टचडाउन राइसचा सहकारी जॉन टेलरचा आहे. तो पास सुटतो तेव्हा राइस कुठे पळतोय, तेवढं रिवाइंड करून बघा.