लांडगा, लेक आणि भोपळ्यातली म्हातारी

फ्रान्समधल्या लियाँहून एका आईचं पत्र आलंय: "साडेपाच वर्षांची लेक इथल्या मातर्नेलमध्ये, म्हणजे बालवाडीत जाते. बाईंनी वर्गात लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट वाचून दाखवली. मी लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत शेवटी शिकारी येतो आणि लांडग्याचं पोट फाडून आजी-नातीला बाहेर काढतो. इथे कोणी आलंच नाही. लांडग्यानं मुलीला खाल्लं आणि गोष्ट संपली! तेव्हापासून ती रात्री दिवा मालवू देत नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, असलं काही पोरांना सांगतात का? शाळेत जाऊन बोलू का?"

बोलायला जरूर जा, पण तक्रार घेऊन नको. बाईंनी काही गाळलेलं नाही. शार्ल पेरो यांनी 1697 मध्ये पॅरिसमध्ये ही गोष्ट छापली तेव्हा ती तिथेच संपत होती. सिंड्रेला, बूटवालं मांजर, निळ्या दाढीचा नवरा हे सगळे त्याच छोट्या पुस्तकातले. तुमच्या ओळखीचा शिकारी जर्मन आहे. तो ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहातून आला. पेरो फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळातले, फ्रेंच अकादमीचे सदस्य. त्यांनी गोष्टीखाली कवितेत तात्पर्य जोडलं, तेही तरण्या मुलींसाठी: गोड बोलून घरापर्यंत सोबत करणारे लांडगे सगळ्यांत घातक. साडेपाच वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? ते राहू द्या.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. छापील पुस्तकाच्या दोन वर्षं आधीचं, 1695 चं एक हस्तलिखित आहे. त्यात लांडग्याच्या शेवटच्या शब्दांपाशी, "तुला खायला!" इथे, समासात सूचना लिहिली आहे: हे शब्द मोठ्या आवाजात म्हणावेत, जणू लांडगा आता मुलाला खाणारच. म्हणजे हा खेळ होता हो! आपण नाही का पोरांना "खाऊ का तुला?" म्हणत गुदगुल्या करत? वर्गात वीस-पंचवीस मुलांपुढे पुस्तक वाचताना गुदगुल्या गळाल्या आणि भीती तेवढी उरली. आज रात्री तुम्हीच लांडगा व्हा आणि तिच्या पोटावर तुटून पडा. मग तिला लांडगा होऊ द्या. दिव्याचं काय करायचं ते त्यानंतर बघू.

सासूबाईंना मात्र एक आठवण करून द्या. पावसात भिजून आलेल्या कावळ्याला आपली चिऊताई चुलीजवळ बसवते, आणि त्याचं पुढे काय होतं ते सांगताना आपल्याला कुठे काही वाटलं होतं? घरची गोष्ट क्रूर वाटत नाही, एवढंच.

आता तुमच्याकडचा खरा खजिना काढा. पेरोची मुलगी आजीकडे निघते ती केक आणि लोण्याचं बुडकुलं घेऊन. आपली म्हातारी लेकीकडे निघते आणि वाटेतल्या वाघोबाला सांगते, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." वाट तीच, रान तेच, लोणी-तूपसुद्धा जवळजवळ तेच, पण आपली म्हातारी परत येताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक निसटते. लेकीला दोन्ही गोष्टी एकामागून एक सांगा आणि विचारा, लाल टोपीवालीनं काय करायला हवं होतं? ती काय सांगेल ते मला कळवा, खरंच.

आणि फ्रान्समध्येही निसटणारी मुलगी आहे. मध्य फ्रान्सच्या न्येव्र भागात एकोणिसाव्या शतकात खेड्यातल्या लोकांच्या तोंडून टिपलेल्या गोष्टीत ती लांडग्याच्या पांघरुणात शिरते आणि म्हणते, मला शू लागली. तो म्हणतो, इथेच कर. ती हट्ट धरते. शेवटी तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधून तिला बाहेर सोडतो. ती दोरा अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि धूम ठोकते. साडेपाच वर्षांच्या कुठल्याही मुलीला ही आवडणारच, शूसाठी तरी. (याच गोष्टीत आजीच्या मांसाचा एक प्रसंग आहे. तो मी गाळते, तुम्हीही गाळा.)

"मग घरी मराठीच बोलायचं, त्याचं काय?" असंही तुम्ही शेवटी विचारलंय. गोष्टीचं भाषांतर करू नका. "तिर ला शव्हियेत, ला बोबिनेत शेरा," हे दार उघडण्याचं वाक्य (खुंटी ओढ, अडसर खाली पडेल) तसंच राहू द्या. त्यातलं शेवटचं क्रियापद इतकं जुनं आहे की फ्रेंच मुलांनाही ते फक्त याच गोष्टीत भेटतं. 'आटपाट' म्हणजे काय, हे आपल्यापैकी तरी किती जणांना सांगता येईल? तरी नगर डोळ्यांपुढे उभं राहतंच.

रविवारी तुमच्याकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात भारतात साडेसहा झालेले असतात, आजींचा चहा उरकलेला असतो. तेव्हा फोन लावा. लेक लांडगा होईल आणि फ्रेंचमध्ये गुरगुरेल. आजी भोपळ्यात बसतील आणि मराठीत उत्तर देतील. तुम्ही मध्ये पडू नका, फोन तेवढा धरा.